चोरासाठी आणलेला दिवा

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात की कीर्तनात डुलकी लागते आणि गोष्टीत चहाची आठवण होते. पेटी जुळेपर्यंत अवकाश आहे, तोवर आमच्या शेलार गावची एक गंमत सांगते. तीत चोर आहे, काठी आहे आणि उन्हावर चालणारा दिवाही आहे.

आमचे चिंतामणराव शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि घरापुढच्या बागेत रमले. त्यांच्यासारखी भरगच्च पाकळ्यांची केशरी जास्वंद अख्ख्या आळीत दुसरी नाही. पण उजाडेपर्यंत कळ्या गायब! शेवटी एके दिवशी गणपतीच्या देवळात आरती संपल्या संपल्या रावांनी जाहीर केलं, "सोलरचा दिवा आणतोय. रविवारी कीर्तनाआधी चोराचं नाव इथेच, सगळ्यांसमोर सांगेन."

प्रसाद वाटणाऱ्या विद्युल्लताबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, हात तिथल्या तिथे थांबला. कारण चोर त्यांना ठाऊक होता. मागच्या पाड्यावरची हौसामावशी. पहाटे आकडी घेऊन यायची, कळ्या काढायची आणि त्याच गणपतीचा हार ओवायची. बाई तिचा खोकला ओळखून होत्या आणि कूस बदलून पुन्हा झोपत होत्या. आता देवासमोर मावशीला कुणी चोर म्हटलं, तर ती त्या पायऱ्या पुन्हा चढायची नाही. बाईंच्या जिवाला तोच घोर लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं भिवंडीत भूपेशच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेली.

"भूपेश, यातला सगळ्यात लवकर विझणारा कुठला रे?" बाईंनी विचारलं.

"काकू, उलटं विचारताय. गिऱ्हाईक विचारतं, रातभर टिकेल का."

"आमची झाडं वेळेवर झोपतात."

"मग हे घ्या, मातीत खोचायचे. अळंबीसारखे दिसतात. पहाटेपर्यंत नाही टिकत."

"अगंबाई, किती गोड! हेच बांध."

"गोड काय करायचंय? चोराचं तोंड दिसलं पाहिजे," राव म्हणाले. "तो सेन्सरवाला काढ. माणूस जवळ आला की पेटणारा."

भूपेशने पॅनलवर हात दाबून धरला. रात्र झाली असं समजून दिवा तयारीत राहिला. राव नीट बघायला वाकले, तसा तो भक्कन त्यांच्या तोंडावर पेटला. राव दचकून मागे सरले ते थेट पंख्याच्या खोक्यावर बसले.

"लो काका, चोर पकडा गया!" भूपेश म्हणाला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "दिवा तुम्ही निवडलात, आता जागा मी निवडणार." पॅनल गेलं चिकूच्या दाट सावलीत. वर बाईंना गोधड्या वाळत घालायची हुक्की आली, तीही नेमकी त्याच फांदीवर. दिवा पेटायचा, पण काजव्याने लाजू नये इतकाच. शनिवारी रावांनी भूपेशला बोलावलं. त्याने वर गोधड्यांकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"काकू, हा उन्हावर चालतो. गोधडीवर नाही."

आणि त्याने पॅनल गच्चीवर नेऊन लावलं.

संध्याकाळी बाई सावध करायला पाड्यावर गेल्या, तर मावशी वळ गावी लेकीकडे गेलेली. बाईंना वाटलं, सुटले. पण रविवारचा हार मावशी चुकवेल होय?

पहाटे बागेत लख्ख उजेड पडला. राव काठी घेऊन धावले, मागून बाई. जास्वंदीखाली मावशी उभी. एका हातात आकडी, दुसरा डोळ्यांवर आडवा.

"आलास का रं चिंतामण? बरा झाला. दिवा जरा खाली कर, डोल्यांत जातंय."

रावांनी दिव्याचं तोंड खाली वळवलं.

"मना सांगायचाच होता, काळोखात कळ्या मोडतान. तू आपणहून दिवा लावलास. म्हातारीवर कोणाचा ध्यान नसतंय रे आताशा." मग तिची नजर काठीवर गेली. "ती कशाला आनलीस? वरच्या फांदीला? शहाना हायस! वाकव ती."

चोरासाठी आणलेल्या काठीने रावांनी फांदी वाकवली. बाई हसू दाबत परडी धरून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी देऊळ भरलं. गणपतीच्या गळ्यात केशरी हार होता. टाळ जुळवता जुळवता आळीतल्या केसरीनाथने मोठ्याने विचारलं, "काय चिंतामणराव, सापडला का चोर?"

सगळ्या माना वळल्या. पहिल्या रांगेत हौसामावशीही हात जोडून बसलेली, तिचीही वळली.

राव हाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कसला चोर? माळी आहे तो. देवाने ठेवलेला. आम्हालाच उशिरा कळलं."

बुवांनी तेवढ्यात झांज वाजवली, म्हणून बरं. रावांचे डोळे कुणी पाहिले नाहीत.

मावशीला खरंच काही कळलं नव्हतं का? मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मना न्हाय ठावं बाय," आणि इतकं हसली की खोकला लागला.

यंदा तो खोकला पहाटे ऐकू येत नाही. दिवा मांजर आलं तरी पेटतो, आणि राव खिडकीशी येऊन बघतात. तेव्हा एवढं करा. उद्या देवाला फूल वाहाल, तेव्हा आमच्या हौसामावशीची आठवण काढा.