गिऱ्हाइकांचं नाव

दुकानात त्यांना सगळे मास्तर म्हणत. कापड कापायचं काम त्यांचं. त्यांनी माप घेतलेल्या कोटाच्या खांद्याला सुरकुती पडत नाही, असं मालक नव्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत. वय बेचाळीस, राहणं भाऊ-वहिनीकडे. लग्नाचं कुणी विचारलं की मास्तर म्हणत, माझं लग्न कात्रीशी लागलंय. लोक हसत, विषय संपे. वीस वर्षं हा एकच विनोद त्यांनी पुरवून पुरवून वापरला होता. आपल्याला पुरुष आवडतात हे त्यांना सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. माप घेताना ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे कधी बघत नसत.

मग काज-बटणांच्या कामाला एक नवा माणूस आला. तिशीचा, बोलायला हळू, चालताना जरा लचकणारा. हाताला मात्र कमालीची सफाई. दोन दिवसांत कोट शिवणाऱ्या कारागिराने त्याला 'बाईसाहेब' म्हणायला सुरुवात केली. मास्तर त्यावर हसत नसत, पण कुणाला थांबवतही नसत.

एका दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना काजवाला खडू मागायच्या निमित्ताने त्यांच्या टेबलापाशी आला. आपण कसे आहोत ते आईला दोन वर्षांपूर्वीच सांगून टाकलंय, महिनाभर ती रडली, आता सावरली आहे, असं काय काय सांगत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला कळेल असं वाटलं म्हणून बोललो."

"मला का कळेल?" म्हणून मास्तरांनी मान कापडात घातली. त्या दिवशी एक बाही अर्धा इंच तोकडी कापली गेली.

आठवड्याभराने मालकांनी त्यांना कपडे घालून बघायच्या खोलीत बोलावलं. काजवाल्याचं काम सोन्यासारखं आहे, पण कारागीर कुजबुजतात, तेव्हा काय करायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाले. ठेवून घ्या, एवढे दोन शब्द पुरे होते. पण आपण त्याची बाजू घेतली तर उद्या आपल्याकडेही बोट दाखवतील, या भीतीने मास्तर म्हणाले, "काम चांगलंय. पण गिऱ्हाइकांना अवघडल्यासारखं होतं. दोघंतिघं माझ्यापाशी बोलले."

कुणीही बोललं नव्हतं.

शनिवारी काजवाल्याला निरोप मिळाला. आपल्या सुया डबीत भरून, सगळ्यांना "येतो" म्हणून तो निघून गेला. कोटवाल्याने मागून त्याच्या चालीची नक्कल केली. सगळे हसले आणि मास्तरही हसले. पुढे जेव्हा जेव्हा ते हसू आठवे, तेव्हा त्यांचे कान तापत. खोटं बोललो याच्यापेक्षाही त्या हसण्याची त्यांना जास्त लाज वाटे.

त्यानंतर त्यांना अन्न गोड लागेना. "भाऊजी, कुणाशी बिनसलंय का?" वहिनींनी विचारलं. पित्त झालंय, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. आरशासमोर उभं राहून गिऱ्हाइकाचा कोट ठाकठीक करणं हे त्यांचं रोजचं काम. आता ते आरशाकडे पाठ करून उभे राहू लागले.

तिसऱ्या आठवड्यात ते पत्ता काढून काजवाल्याच्या घरी गेले. जिन्यावरच्या दोन खोल्या. दार त्याच्या आईने उघडलं. नाव-गाव न विचारताच तिने ओळखलं, खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मग म्हणाली, "मुलगा सांगतो, त्या दुकानात त्याच्या बाजूने बोलणारे तुम्ही एकटेच होतात."

मास्तरांनी भरलेला पेला तसाच खाली ठेवला.

काजवाला त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आला, तेव्हा मास्तरांनी सांगून टाकलं. "मालकांना मीच म्हटलं होतं. गिऱ्हाइकांपैकी कुणीच बोललं नव्हतं."

"माहीत आहे. त्या खोलीच्या पडद्यापलीकडे मी बटणं निवडत बसलो होतो."

"मग आईला असं का सांगितलंस?"

"ती माझ्या काळजीने अर्धी होते. आपल्यासारखं कुणीतरी ताठ मानेने जगतंय असं वाटलं, तर तिला झोप लागते."

'आपल्यासारखं' हा शब्द या वेळी मास्तरांनी झटकला नाही. "हो," ते म्हणाले. इतकं हळू, की पुन्हा म्हणावं लागलं. काजवाल्याने मान हलवली. जाऊ द्या, असं मात्र तो म्हणाला नाही.

मास्तर पुन्हा आत गेले आणि आईलाही सगळं खरं सांगितलं. तिने विचारलं, "तुमच्या घरी ठाऊक आहे?"

"नाही."

"मग नुसतं माझ्यापाशी सांगून काय उपयोग?" एवढं बोलून तिने पेला उचलला.

सोमवारी मास्तरांनी मालकांना आपलं खोटं सांगितलं आणि त्यामागचं कारणही. मालक खूप वेळ टेपची गुंडाळी करत राहिले. हे मला ऐकायचं नव्हतं, म्हणाले, पण माणूस पाठवून काजवाल्याला परत बोलावलं. तो आला नाही. त्याने शाळेचे गणवेश शिवणाऱ्याकडे काम धरलं होतं. पुढे कोटवाल्यालाही कुणकुण लागली. तो जेवायला दूर बसू लागला. मास्तरांना त्याबद्दल बोलायला तोंड नव्हतं.

घरी सांगायला त्यांना आणखी महिना लागला. वहिनी भाजी निवडत होत्या. मास्तर सांगत गेले, काजवाल्याचंही सांगितलं. वहिनींचे हात थांबले.

"तुमचं ते तुमचं, भाऊजी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्या बिचाऱ्याचं असं करायला नको होतं."

"नको होतं," मास्तर म्हणाले. तिथून उठून जायची ओढ त्यांनी दाबली आणि तसेच बसून राहिले.