पोटातलं पाणी

विजयाला नववा लागला आणि तिच्या परकराची नाडी सैल होऊ लागली. गाठ आता पहिल्यापेक्षा चार बोटं आत बसत होती. सरावलीच्या चाळीतल्या एका खोलीत सासूपासून लपवायला जागा कुठली? गोजराबाईंनी ते पाहिलं, आणि त्या उलट खूश झाल्या. लहान पोटाची बाई सुखानं सुटते, असं त्यांचं म्हणणं. शिरगावला धाकट्या दिराकडे पूजा होती, म्हणून तपासणीची तारीखही त्यांनी चुकवायला लावली.

पुढे बाळ ढवळायचं कमी झालं. दोन दिवस वाट पाहून विजयानं नवऱ्याला सांगितलं. रामनाथ तारापूरला कापडाच्या कारखान्यात होता. त्यानं कामाची पाळी बुडवली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं पोटावर टेप लावली, पुन्हा लावली, आणि पालघरची चिठ्ठी लिहिली.

पालघरला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालं होतं. वारेतून त्याला पुरेसं पोषण पोचत नव्हतं, म्हणून वाढही खुंटली होती. पाणी नसलं की नाळ दबते. थांबण्यात धोका होता. आजच काढायला हवं. रामनाथनं सही केली. विजया भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. भीती वाटत नव्हती.

कमरेत सुई टोचली, मग पाय तिचे राहिले नाहीत. बाळ रडलं, पण इतकं बारीक की रडलं हे नर्सलाच सांगावं लागलं. मुलगी होती, पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा की मुलगी, हेही विजयानं विचारलं नव्हतं.

दर तीन तासांनी ती वाटीत दूध पिळायची. गोजराबाई वाटीवर पदर धरून ती पेटीपर्यंत न्यायच्या. चौथ्या दिवशी वाटी हातात घेऊन त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"तपासायला मीच जाऊ दिलं नाय तुला," त्या म्हणाल्या.

"दूध निवेल," विजया म्हणाली.

तिला राग आला नव्हता. माफ केलं असंही नव्हतं. गोजराबाई डोळे पुसत गेल्या.

नवव्या दिवशी नर्सनं मुलगी आणून विजयाच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून चादर घातली. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या.

"मला काहीच वाटत नाय, सिस्टर," विजया हळूच म्हणाली.

"वाटेल तेव्हा वाटेल," नर्स म्हणाली. "डोकं जरा वर धरा, नाक दबतंय तिचं."

विजयानं डोकं वर धरलं. मुलीनं चार घोट ओढले आणि ती झोपली. पंधराव्या दिवशी त्यांना घरी सोडलं तेव्हा ती दोन किलोच्या थोडी वर भरली होती.