गोंदो तिया त्या मंचावर का गेला

"काका, त्या दिवशी नगराध्यक्षांच्या मंचावर तुम्ही का गायलात?"

तोंड माझं होतं, प्रश्न ओझुआचा. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी अचेके म्हणजे कसाव्याचा सांजा आणि तळलेली मासळी खाता खाता तिनं पैज लावली. "वर्गप्रमुख झालीस, वादविवादात सगळ्या शाळेची बोलती बंद केलीस. मग त्या म्हाताऱ्याला एवढं विचारून दाखव की! आम्ही विचारलं तर शिवी होईल. तू सेनुफो, तुला सगळं माफ."

मला काय, कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवायचाच अवकाश होता. सोळावं लागल्यापासून मी कुणाला घाबरत नव्हते. आणि ओझुआचं म्हणणं खरंच होतं. आम्ही सेनुफो उत्तरेचे, गोंदोकाका याकुबा, पश्चिमेच्या डोंगरातले. दोघांच्या पूर्वजांनी कधीकाळी शपथ घेतली होती की एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. त्याच्या बदल्यात थट्टेचा हक्क ठेवला. सेनुफो पोर याकुबा म्हाताऱ्याला भर बाजारात "ए गुलामा, माझ्या चपला आण" म्हणू शकते. तो म्हणतो, "गुलाम तू, तुझ्या पणजोबाला मी मूठभर शेंगदाण्यांत घेतलाय." मग दोघंही पोट धरून हसतात. हा थट्टेचा करार आबिजानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

मैत्रिणी कोपऱ्यावरच्या टपरीशी थांबल्या आणि मी एकटीच आत गेले. ते आमचंच जुनं अंगण, सहा दारं आणि मध्ये एक नळ. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही तिथेच राहायचो, गोंदोकाकांच्या शेजारच्या खोलीत. मग पप्पांना नगरपालिकेत बढती मिळाली आणि आम्ही दोन गल्ल्या पलीकडे फरशीच्या घरात गेलो. मला स्वतःची खोली मिळाली, स्वतःची खिडकी मिळाली. मी आनंदानं नाचले होते.

काका नळाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. जटा पांढऱ्या झालेल्या, गळ्याभोवती मफलर. घशात काहीतरी वाढत होतं, डॉक्टर सांगायचे ते नाव त्यांना लक्षात ठेवायचं नव्हतं.

माझा प्रश्न ऐकून त्यांनी एक डोळा मिटला. "कोण, मालकीणबाई? आज कुणाचे आंबे चोरून आलात?"

"विषय बदलू नका, गुलाम."

"गाणाऱ्याला बोलावलं, गाणारा गायला. न्हाव्याला विचारतेस का, केस का कापलेस म्हणून?"

"न्हाव्यानं डोकंच कापलं तर विचारीन."

ते हसले, हसताना खोकले, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. मी पाणी दिलं. तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण टपरीशी चौघी वाट बघत होत्या. मी लग्नाकार्यात मोठी माणसं बसतात तशी दोन्ही गुडघ्यांवर बसले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "मी सेनुफो. कराराच्या नावानं मागते. उत्तर द्या."

या शब्दांपुढे याकुबाला नाही म्हणता येत नाही. हे मला माहीत होतं, पण आगपेटीतली काडी पेटते हे जसं माहीत असतं तसं.

काकांनी पेला खाली ठेवला. "असं गमतीत मागू नये, एद्विज." त्यांनी मला नावानं हाक मारली होती. ते मला कधीच नावानं हाक मारत नसत.

"मागून झालं."

"मग ऐक. असंच बसून तुझ्या पप्पांनी मागितलं होतं. म्हणून गायलो."

आता काका कोण होते ते सांगायला हवं. गोंदो तिया एकोणिसाव्या वर्षी डोंगरातून आबिजानला आले ते एका खानावळीत भांडी घासायला. तिथल्या गायकाला ताप आला त्या संध्याकाळी हात पुसून माईकसमोर उभे राहिले. पहिलीच कॅसेट निघाली, त्यातलं 'रस्ता तुमच्या नावाचा, धूळ आमच्या नाकाची' टॅक्सीवाल्यांनी गावोगाव नेलं. शिपायांनी त्यांची गिटार गुडघ्यावर मोडली. सात महिने तुरुंगात ठेवलं. सुटले त्या दिवशी उधारीच्या गिटारवर तेच गाणं गायले, फक्त एक कडवं वाढवून. देशाचे दोन तुकडे पडले तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांना बोलावलं आणि ते दोन्हीकडे गेले. एकीकडे दुसऱ्या बाजूच्या विधवांची गाणी गायले, दुसरीकडे पहिल्या बाजूच्या. दोन्हीकडून दगड खाल्ले. अंगणात आम्हा पोरांना ते टाळी शिकवायचे. "ठोक्यावर नाही गं, ठोक्याच्या मध्ये! ठोका सरकारचा असतो, मधली जागा आपली. तिथं बसायचं, म्हणजे रेगे."

पप्पांकडे त्यांच्या नऊच्या नऊ कॅसेटी होत्या. बंदी होती तेव्हा त्यातल्या दोन त्यांनी तांदळाच्या पोत्यात लपवल्या होत्या. ही गोष्ट ते पाहुण्यांना न चुकता सांगायचे.

आणि असा माणूस दोन वर्षांपूर्वी नगराध्यक्षांच्या मंचावर चढला. खाडीकाठची वस्ती हलवणार अशी कुणकुण होती. लोकांनी पत्रे, दारं, खाटा बांधायला घेतल्या होत्या. मंचावर काका गायले आणि लोकांनी गाठी सोडल्या. गोंदो तिया तिथं आहे म्हटल्यावर कशाची भीती? अकरा दिवसांनी बुलडोझर आले. ओझुआचं घर गेलं. तिची आजी शिवणयंत्र आणायला परत आत गेली होती. ती ढिगाऱ्याखाली यंत्रासकट सापडली. तेव्हापासून ओझुआ शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून दोन गाड्या बदलून शाळेत येते. तिच्या आईनं काकांच्या कॅसेटींच्या फिती ओढून काढल्या आणि तारेवर वाळत घातल्यासारख्या टांगून ठेवल्या. मग काकांना कुणी कुठं बोलावलं नाही. रेडिओनं त्यांना विसरून टाकलं. माकी खानावळीतल्या पोरी त्यांच्यासमोर मासळीची थाळी आदळून निघून जायच्या.

"पप्पांनी काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"की नगराध्यक्ष मंचावरून शब्द देणार आहेत, वस्ती जागची हलणार नाही. पण लोक त्यांचं ऐकणार नाहीत, माझं ऐकतील. मी त्याला म्हटलं, सिलुए, मी कुठल्याच पुढाऱ्याच्या मंचावर चढत नाही, तुला तर माहितीय. मग तो गुडघ्यांवर बसला."

"आणि नगराध्यक्षांनी शब्द दिला?"

"भाषणात वस्तीचं नावसुद्धा नव्हतं."

"मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही? दोन वर्षं! ओझुआची आई तुमच्या नावानं थुंकते काका!"

"करारातल्या माणसाची थट्टा करता येते पोरी, बेअब्रू नाही. मी नाव घेतलं असतं तर काठावरच्या लोकांनी तुमच्या घराला काडी लावली असती. तू तेव्हा लहान होतीस."

"मग मला का सांगितलंत?"

"तू मागितलंस म्हणून." त्यांनी मफलर घट्ट केला. "आणि घरची गोष्ट घरातच सांगितली. जा आता. शाळा बुडवू नको."

टपरीशी चौघी तुटून पडल्या. "काय म्हणाला? बोल ना!"

"काही नाही. हसले नुसते."

ओझुआनं जमिनीकडे बघत म्हटलं, "लाज वाटली असेल." आणि पैजेचं तळलेलं केळं माझ्या हातात ठेवलं. मी ते खाल्लं. साऱ्या शाळेला गप्प करणारी मी, तीन आठवडे मीच गप्प राहिले. घरी पप्पांच्या समोर जेवत होते, माझ्या खिडकीत बसून अभ्यास करत होते. रोज ठरवत होते, उद्या विचारीन. रोज उद्या येत होता.

मग एका मंगळवारी काका गेले.

त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा रेडिओवर त्यांचं गाणं लागलं. दुपारपर्यंत सगळ्या टॅक्सींमधून लागलं. नगराध्यक्षांनी जाहीर केलं, अंत्यविधी नगरपालिका करील. शवपेटी, फुलं, डोंगरातल्या गावापर्यंत दोन बस. 'आमच्या भागाचा सुपुत्र, ज्यानं अखेरीस आमच्यासोबत गायलं' असा फलक चौकात लागला.

ओझुआ शाळेत माझ्या बाकावर येऊन बसली. "दोन बस! माझ्या आजीला हातगाडीवरून नेली होती. विकल्या गेलेल्या माणसाला काय काय मिळतं बघ."

"ते विकले गेले नव्हते."

"तुला काय माहीत? तू तर म्हणालीस नुसते हसले."

मी दप्तरातून वही काढली आणि तारीख लिहायला घेतली.

घरी आले तर पप्पा बैठकीत आरशासमोर उभे. डोक्यावर काळ्या लोकरीची टोपी, तिला शिवलेल्या पांढऱ्या दोऱ्यांच्या जटा, हातात पुठ्ठ्याची गिटार. याकुबाच्या अंत्ययात्रेत आम्ही सेनुफो शवपेटी अडवतो. रस्त्यात आडवे पडतो, मेलेल्याची नक्कल करतो, "आमचा गुलाम कुठं पळवता?" म्हणून ओरडतो. रडणाऱ्यांना हसवतो, मग त्यांनी चार नाणी टाकली की वाट सोडतो. आमचा तो हक्क, आणि याकुबा नाराज होतात ते आम्ही आलो नाही तर. उद्या अडवणाऱ्यांचे म्होरके पप्पा होते. नगराध्यक्षांच्या हातून नाणी घेऊन तेच उठणार होते.

"बघ गं, जमतंय का?" पप्पांनी घोगरा आवाज काढला. "रस्ता तुमच्या नावाचा..."

आवाज हुबेहूब होता. दुसऱ्या कुणी ही नक्कल केली असती तर मीही हसले असते.

"पप्पा, तुम्ही कराराच्या नावानं मागितलं होतं ना त्यांच्याकडे?"

गिटार खाली आली. आई स्वयंपाकघरातून हातातला पळा घेऊनच दारात आली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मीही तसंच मागितलं. गुडघ्यांवर बसून."

पप्पा खुर्चीत बसले. टोपी काढायची त्यांना आठवण राहिली नाही. दोऱ्यांच्या जटा त्यांच्या गालांवर लोंबत होत्या. "मला वरून सांगितलं होतं. तारीख मला माहीत नव्हती, एद्विज. देवाशपथ, तारीख माहीत नव्हती."

"वस्ती पाडणार हे माहीत होतं?"

त्यांनी पुठ्ठ्याची गिटार खुर्चीमागे सारली. बाहेर कुणाच्या तरी टॅक्सीत काकांचं गाणं वाजत गेलं.

"पोरी," आई म्हणाली, "पायाखाली फरशी आहे ती बघ. तुझी फी बघ. मेलेल्याला आता काय फरक पडतो?"

"ओझुआला पडतो. ती माझ्याशेजारी बसून त्यांना शिव्या देते आणि मी ऐकून घेते."

"तुझ्या बापाची नोकरी जाईल!"

"कराराच्या नावाचं मागणं रक्त थांबवायला ठेवलेलं असतं, आई. भांडणं मिटवायला. पप्पांनी ते मंच भरायला वापरलं."

"मी माफी मागणार होतो," पप्पा अगदी हळू म्हणाले. "कितीदा त्या अंगणाच्या दारापर्यंत गेलो. तो मला बघून हात करायचा, 'ये रे आंबेखाऊ' म्हणायचा. मग माझ्यानं बोलवत नसे."

ते रडत होते आणि मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. खूप वाटलं. माझे पप्पा. पण मी जवळ गेले असते तर तीन आठवड्यांची तीस वर्षं झाली असती, हे मला उभ्या जागी कळलं. मी मागं सरून भिंतीला टेकले आणि वादविवादात बोलते तशी बोलायला गेले, तर आवाज निघाला अगदी साधा.

"काकांचं तोंड करारानं शिवून ठेवलं होतं. मी आणि तुम्ही एकाच बाजूचे पप्पा, माझ्यावर कुठलाच करार नाही. उद्या सकाळी शवागाराच्या दारात तुमच्याऐवजी मी आडवी पडणार आहे. सेनुफो आहे, कुणी मला उचलू शकत नाही. नगराध्यक्षांची नाणी मी घेणार नाही. काकांना कुणी मंचावर नेलं ते काठावरच्या लोकांसमोर तुम्ही सांगाल तेव्हा उठेन. आणि तुम्ही नाही सांगितलंत तर तिथं पडल्या पडल्या मी सांगेन."