मनकर्णेनं मांडलेली पंगत

या मायबाप, असे पुढं सरकून बसा. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. आज एका पंगतीची गोष्ट सांगायची आहे, अन् ऐकता ऐकता भूक लागली तर दोष सांगणाऱ्याचा.

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, त्यानंतरचा दुसरा हिवाळा. सेक्टर सहाच्या क्वार्टरात मनकर्णेचा संसार. नवरा देवाजी कारखान्यात, दीर हिरालाल भिलाई-तीनला रेल्वेत. दोघांच्या ड्युट्या अशा, की एकाची सायकल दारात टेकली की दुसऱ्याची निघाली. सासू गयाबाई गावाहून राहायला आली. थोडे दिवस तिनं पाहिलं अन् म्हणाली, "हे घर नोहे वं, खानावळ हाये. एक येते, जेवते, जाते. मंग दुसरा. मी आपली इतवारच्या गाडीनं गावाले जातो."

मनकर्णेला तिनं जायला नको होतं. लहानपणीच आई गेलेली. सासूला ती आत्याबाई म्हणायची, पण माय म्हणावं अशी हीच एक. शुक्रवारी दोघा भावांची सुटी जुळून येत होती. तिनं मनात पंगत मांडली. जामुलकडून येणाऱ्या भाजीवालीला सांगून ठेवलं, काटेरी वांगी आण, बाई. वाटल्या डाळीचे गोळे भातात शिजवायचे, असा गोळाभाताचा बेत ठरला. गुरुवारी तिन्हीसांजेला तिनं हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

गयाबाईनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "एवढी डाळ कावून वं?"

"उद्या दोघांची सुटी हाये, आत्याबाई. सारे एका पंगतीत जेवू."

"उद्या एकादशी हाये, पोरी."

मनकर्णेनं डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. माहेरी तिनं एकादशी कधी चुकवली नव्हती. इथं मात्र दिवस मोजायचे ते शिफ्टवर. तिथी कुठल्या कुठे राहिली.

देवाजी म्हणाला, "माय, तू फराळ कर. आमी गोळाभात खातो."

"मंग एका पंगतीत दोन देव झाले, ते पंगत कसली?" गयाबाई म्हणाली.

हिरालाल उंबऱ्यावर बूट काढत होता. "मी बी धरतो उपास. एकादशी अन् दुप्पट खाशी, घाटा काय त्यात?"

"तुह्यापुरती भगर शिजवाले वहिनीले बंब लागन," देवाजी म्हणाला.

हिवाळा होता म्हणून निभावलं, डाळ आंबायची भीती नव्हती. डाळ निथळून फडक्यात बांधली, ती बारशीला उपास सोडायसाठी राहिली. गयाबाईनं गावाहून आणलेली भगर निघाली, शेंगदाणे भाजले गेले. शुक्रवारी दुपारी शेंगदाण्याच्या आमटीचा वास शेजारच्या क्वार्टरापर्यंत गेला. पाटांवर दोघे भाऊ बसले, गयाबाई बसली. वाढून झाल्यावर मनकर्णा सवयीनं शेगडीकडे वळली.

"कोठं चालली?" गयाबाईनं विचारलं.

"गरम गरम..."

"आज काय गरम? तवा तर आंघोळ करून उन्हात बसला हाये. भाकर नाही, पोळी नाही. घे पाट."

मनकर्णा बिचकली. हिरालालनं सरकून जागा केली अन् म्हणाला, "बसा वहिनी, नाहीतर तुमच्या वाटची भगर माह्या भरोशावर हाये."

ती बसली. पहिला घास घेतला अन् पाहते तर गयाबाईचा हात ताटातच थांबलेला, डोळे पोरांच्या तोंडाकडे.

"काय झालं, आत्याबाई?"

"काही नाही वं. जलमभर या दोघायले वाढलं, पण माहं तोंड चुलीकडे. पोरं जेवताना कशी दिसतात, ते आज पाहून राहिली. हिऱ्या अजून डोळे मिटून खाते, मांडीवर घेऊन भरवत होती तवासारखा."

हिरालाल लाजला. देवाजी इतका हसला की त्याला ठसका लागला, अन् मनकर्णेनं बसल्या जागेवरूनच त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बारस. गोळाभात मात्र पुन्हा एकेका भावाला वेगळा वाढावा लागला. ड्युट्या थोड्याच बदलल्या होत्या? पण खानावळीचा शब्द निघाला नाही. इतवारची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा गयाबाई अंगणात शेंगा निवडत होती. "पुढची एकादशी कधी हाये, ते पाहून ठेव," एवढंच ती म्हणाली.

तर मायबाप, आता घरी जाल, पानावर बसाल. पहिला घास उचलण्याआधी एकदा मागं वळून पाहा, अन् चुलीकडे तोंड करून बसलेल्या आपल्या गयाबाईची आठवण असू द्या.