डोक्याला हात

दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून जिचे पाय भरून यायचे, त्या बाईने संध्याकाळी आणखी उभं राहून वाजवायचं वाद्य निवडावं, यावरूनच तिच्या अकलेचा अंदाज यावा. वाद्यही साधंसुधं नाही, व्हायब्राफोन. एका माणसाच्या पलंगाएवढा. वर दोन काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या, खाली लोंबणाऱ्या नळ्या, आणि पायाशी पेडल. पेडल दाबला की सूर रेंगाळतो, सोडला की गप्प होतो.

"वहिनी, हे वाद्य आहे की इस्त्रीचं टेबल?" नणंदेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"वाद्य आहे."

"मग वाजत का नाही?"

औषधवालीच्या प्रयत्नांत कसूर नव्हती. जन्मभर तिने नेम पाळले होते, त्यात हा आणखी एक. रोज संध्याकाळी हातपाय धुतले की पट्ट्या पुसायच्या, देवाचं नाव घ्यायचं आणि सरावाला उभं राहायचं. नेम कधी चुकला नाही. सूर मात्र नेमाने चुकले.

टाइल्सच्या दुकानावरच्या खोलीत जॅझवाली मंडळी जमत. दातांची डॉक्टरीण सॅक्सोफोन वाजवी आणि सगळ्यांना धाकातही ठेवी. ड्रमवर चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. बासवर भूगोलाचे मास्तर. रीत अशी की आधी सगळ्यांनी मिळून गाण्याचा मुखडा वाजवायचा, मग एकेकाने त्यावर फेरी घ्यायची, म्हणजे त्याच चालीवर मनाने काही रचून वाजवायचं. आपलं झालं की तळवा डोक्यावर ठेवायचा. म्हणजे झालं, चला मुखड्यावर. तोंडात सॅक्सोफोन असताना बोलून सांगायची सोय नसते, म्हणून ही खूण.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीण म्हणाली होती, "बाई, रविवारी लोकांसमोर तुमच्या एकटीच्या दोन फेऱ्या. जमल्या तर तुम्ही आमच्यातल्या. नाही जमल्या तर राग मानू नका, एक पियानोवाला कधीचा विचारतोय, आणि खोलीत दोघं मावत नाहीत."

दातातली कीडसुद्धा ती याच आवाजात सांगत असणार.

रविवारी दुपारीच खोलीतल्या खुर्च्या भरल्या. नणंद पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून, जणू वाजवणाऱ्यांचाच भरवसा नव्हता. मुखडा झाला. डॉक्टरणीचं झालं. औषधवालीची पाळी आली.

पहिल्या ओळी तिने पाठ करून आणलेल्याच वाजवल्या. मग काय झालं कोण जाणे, उजव्या हाताने एक उडी मारली. ती सरावात कधीच नव्हती. पायाने आपणहून पेडल दाबला. सूर खोलीभर तरंगला आणि मास्तरांच्या बासवर अलगद जाऊन बसला. बरोबर! चक्क बरोबर!

आणि काठीसकट तिचा हात डोक्याला गेला.

काही चांगलं पदरात पडलं की देवाचे आभार मानायला हात आधी डोक्याला जायचा, मन मागून पोचायचं. सवयच ती. सरावात हे कुणाला कळलं नाही, कारण सरावात आभार मानावेत असं तिच्या हातून काही वाजलंच नव्हतं.

चष्मेवाल्यांनी खूण पाहिली. डॉक्टरणीने सॅक्सोफोन तोंडाला लावला. मंडळी मुखड्यावर! अर्धी फेरीही झाली नव्हती. पहिल्या घासालाच भरल्या ताटावरून उठवावं तसं तिला झालं, आणि उठवणारी तीच.

आता गप्प राहणं सोपं होतं. त्यात तिचा हातखंडा होता. दुकानात गिऱ्हाईक चुकीच्या औषधाबद्दल तासभर बोललं तरी ती 'थांबा' म्हणत नसे. पण पियानोवाला बाहेर जिन्यात उभा असल्यासारखा तिला दिसायला लागला. तिने पेडल दाबला आणि डॉक्टरीण जिथे श्वास घेई तिथे घुसली. एकदा घुसली, पुन्हा घुसली. डॉक्टरणीने डोळे वटारून पाहिलं. औषधवालीने खाली पट्ट्यांकडे पाहिलं आणि वाजवत राहिली.

डॉक्टरणीने सॅक्सोफोन खाली घेतला.

मग राहिलेलं सगळं औषधवालीने वाजवलं. एक सूर साफ चुकला, तोही नेमका पेडल दाबलेला असताना. नको असलेल्या पाहुण्यासारखा तो जायचं नाव घेईना. तिने तोच पुन्हा मारला, जणू मुद्दामच बोलावला होता. शेवटी हात डोक्यावर ठेवला. या वेळी तो खुणेचा होता की आभाराचा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

टाळ्या झाल्या. खुर्च्या सरकल्या.

"बाई," चष्मेवाले म्हणाले, "पहिल्यांदा डोक्याला हात लावलात तेव्हा वाटलं, स्वतःच्याच वाजवण्याला वैतागलात."

"नाही हो. बरं वाजलं म्हणून लावला."

"बरं वाजलं म्हणून बंद पाडलंत?"

"देवाचे आभार मानले."

"जरा घाईच केलीत," मास्तर म्हणाले.

नणंद पुढे आली. "वहिनी, मधे भांडण झालं का तुमचं?"

"थोडंसं."

"कुणाचं बोलणं तोडताना तुम्हाला जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला आवडलं बाई."

डॉक्टरीण सॅक्सोफोन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळेपासून चार काठ्या घ्यायच्या. एकेका हातात दोन."

"मला दोनच सांभाळत नाहीत."

"ते ऐकलंय मी. पण तुमचा हात मोकळा राहता कामा नये. आभार घरी जाऊन माना."

मास्तर घुटमळले. "आणि त्या पियानोवाल्याला काय सांगू?"

"जागा नाही म्हणून सांगा."

औषधवालीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.