अंदाजपंतांचा ग्लास

अगं, आधी नुसतं ऐक. मध्ये बोललीस तर माझं काहीतरी सांगायचं राहून जाईल.

रविवारी दुपारी ताईचा तो घरी आला, बाबांना पहिल्यांदाच भेटायला. तो हॉटेलच्या बारवर ड्रिंक्स बनवतो, पण ताईने बाबांना नुसतं 'हॉटेलात आहे' एवढंच सांगून ठेवलेलं. आणि आमचे बाबा तुला माहितीयेत. सगळा जन्म औषधाच्या दुकानात गेलाय. खोकल्याचं औषध डोळ्यांच्या रेषेत धरून मोजतात, चहात साखर घालताना चमचा सुरीने सपाट करतात. त्यांनी याला हो म्हटलं की लग्न, आणि लग्न झालं की ताईची खोली माझी. खिडकीवाली, आतून कडी लागणारी. मी सहा वर्षं शिलाई मशीनला चिकटून झोपतेय गं. ताईपेक्षा माझाच जीव टांगणीला लागलेला.

बाबांनी विचारलं, हॉटेलात नेमकं काय करता? याने सरळ सांगून टाकलं. वर पिशवीतून ब्रँडी काढली, संत्र्याची लिकर काढली, चार लिंबं काढली आणि म्हणाला, काका, साइडकार करून देतो, जुनं ड्रिंक आहे. बाबा कधीमधी घेतात, त्यामुळे बाटली बघून काही झालं नाही. झालं ते तो थेट बाटलीतून ओतायला लागल्यावर.

"माप कुठाय?" बाबा.

"हातात आहे, काका."

"मी असं हातातल्या मापाने औषध दिलं असतं ना, तर आज आपल्या गल्लीत कुणी उरलं नसतं. काय अंदाजपंत?"

झालं, नाव पडलं. तोही काही गप्प बसणारा नाही. म्हणाला, प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो, ते मापाला कसं कळणार, ते जिभेलाच कळतं. मग बाबा जे उठले ते दुकानातला मोजायचा ग्लास घेऊनच आले. दोघांनी एकेक करायचं आणि आईने निवाडा द्यायचा, असं ठरलं. आई बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायला असते, तिच्या जिभेपुढे बाबासुद्धा मान तुकवतात.

ओट्यावर दोघं शेजारी शेजारी. बाबा त्यालाच प्रमाण विचारून ब्रँडी पन्नास, लिकर पंचवीस, लिंबू पंचवीस, वाकून वाकून मोजतायत. हा लिंबू चाखतोय, ओततोय, परत चाखतोय, आणि होणाऱ्या सासऱ्यांचा मान म्हणून ब्रँडीचा हात जरा जास्तच सैल सोडतोय. दोघांनी बर्फ घालून आपापला झाकणाचा डबा असा काही खळखळवला की वरच्या मजल्यावरच्या काकू काय पडलं विचारायला येऊन गेल्या. कडांना साखर लावून ग्लास तयार झाले, अगदी एकसारखे. बाबांनी नियम काढला, दोघांनी गॅलरीत थांबायचं, मी ग्लास मांडायचे, डावा कुणाचा ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी मुठीत धरायची.

आईने उजव्या ग्लासातला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग डाव्यातला घेतला, परत घेतला.

"उजवा घशाला झोंबतो. हा डावा बेताचा आहे, सगळं जिथल्या तिथे."

डावा बाबांचा होता.

मी ग्लास मांडताना ताई शेजारीच होती, तिचं तोंड असं झालं की माझ्याच्याने बघवेना. दोघं आत आले, आईने डावा म्हणून सांगितलं, बाबा म्हणाले, वाच चिठ्ठी. मी उघडली, वाचली, आणि अंदाजपंतांकडे बोट करून अगदी शांतपणे बोलले, "डावा यांचा." आणि बाबांनी हात पुढे करायच्या आत ती चिठ्ठी बर्फाच्या पातेल्यात पडली. हातातून पडतात की वस्तू. शाई विरघळली.

बाबांनी डावा ग्लास उचलला. एक घोट, दुसरा, मग सावकाश सगळा संपवला. म्हणाले, "मान गये, अंदाजपंत. पुढच्या रविवारी माझी बहीण येतेय, तिच्यासमोर हाच करायचा. अगदी हाच. आणि तेव्हाच तिच्या कानावर तुमचं दोघांचं घालू."

ताईला तर गगन ठेंगणं झालं. मी मनातल्या मनात खोलीला पडदे लावून मोकळी. आणि हा माणूस काय करतो? उजव्या ग्लासातला घोट घेतो, दोन्ही ग्लास उचलून माझ्यामागे स्वयंपाकघरात येतो आणि हळूच म्हणतो, "हा उजवा माझा होता. स्वतःचा हात मी ओळखतो."

मी म्हटलं, मग ओळखा आणि गप्प बसा.

तर म्हणे, सुरुवातच खोटी नको, मी काकांना आत्ताच सांगतो. मागून ताई आली, तिने त्याचा शर्ट धरला आणि म्हणाली, सांगितलंस तर मीच तुझ्याशी लग्न करणार नाही. त्याने शांतपणे शर्ट सोडवून घेतला. बाहेर बाबा आईला मोठ्याने सांगतायत की पोराच्या हाताला माप आहे हो, मीच चुकलो. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या तोंडून 'चुकलो' ऐकलं मी, आणि तेही चुकले नसताना.

तो निघाला हॉलकडे. मी दारात दोन्ही हात पसरून आडवी. समोर तो, मागे बाबा, आणि दोघांच्या मध्ये माझी खिडकीवाली खोली.

आता बोल. तू बाजूला झाली असतीस?