सहा वर्षांच्या खेळाडूंचा कोच

रविवारी सकाळी वसाहतीच्या मैदानावरून असा आरडाओरडा ऐकू येई, की नवख्या माणसाला वाटावं, भांडण जुंपलंय. आणि ते खरंच जुंपलेलं असे! भांडणारी सगळी मोठी माणसं, आणि खेळणारी पोरं पाच-सहा वर्षांची.

सॉफ्टबॉलचा तो वर्ग निव्वळ हौसेचा होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या एक बाई तो चालवत. रबरी दांड्यावर मऊ चेंडू ठेवायचा, मुलाने तो बॅटने टोलवायचा आणि धूम ठोकायची. कुणी उलट्या बाजूला पळालं, तरी बाई टाळ्याच वाजवत.

या टाळ्यांनी लिफ्ट-मेकॅनिकचं डोकं फिरे. त्याची सहा वर्षांची चिमी खेळ सोडून मातीत बोटाने चित्रं काढत बसे. "ऊठ! चेंडू बघ!" तो कुंपणापलीकडून खेकसे. एके दिवशी त्याने बाईंना सरळ गाठलं.

"खेळ शिकवता की पाळणाघर चालवता?"

"सहा वर्षांची आहेत हो ती."

"म्हणूनच! आत्ता वळण नाही लागलं तर कधी लागणार? झेपत नसेल तर बाजूला व्हा."

बाई बाजूला झाल्या नाहीत. मग त्याने पालकांच्या सह्या गोळा केल्या आणि वसाहतीच्या समितीपुढे बाईंचा असा पाणउतारा केला, की सह्या करणाऱ्यांनीही माना खाली घातल्या. बाईंनी सामानाच्या पेटीची किल्ली टेबलावर ठेवली.

"चेंडू तेवढा मऊच ठेवा," एवढं बोलून त्या निघून गेल्या.

वर्ग हाती येताच मेकॅनिकने पहिल्याच रविवारी तो मऊ चेंडू पेटीत टाकला आणि कडक चेंडू काढला. रबरी दांडाही गेला. चेंडू हातून सुटला की मैदानाला एक फेरी! "डोळे कुठे गहाण ठेवलेत?" "दूध पिऊन आलास की नाही?" त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. पोरं रडत, आया कुरबुरत, बाप एकमेकांच्या पोरांना नावं ठेवत. महिन्याभरात अकरापैकी सहा मुलं यायची बंद झाली.

आणि मग त्याने चिमीकडे एक चेंडू उंच फेकला. तिने डोळे मिटले, मान फिरवली. चेंडू खांद्यावर बसला.

"रडायचं नाही! डोळे मिटतेसच का?"

चिमी रडली नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी तिला उलटी झाली. त्याच्या पुढच्या रविवारीही.

"पोट बिघडलेलं नाही तिचं," बायको म्हणाली. "धास्ती घेतलीय पोरीने."

"तूच लाडावून ठेवलंयस!"

आपलं कुठेतरी चुकतंय हे मानायला तो तयार नव्हता. बाईंनीच पालकांचे कान भरले असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि सोमवारी दुपारी तणतणत चष्म्याचं दुकान गाठलं.

"माझी पोरं फोडलीत ना?"

बाईंनी घासायच्या यंत्रावरून नजरही उचलली नाही. "फोडायला ती काय मडकी आहेत? आणि फोडायचं काम तुम्ही चोख करताय की."

"तुमच्या लाडांनी माझी मुलगी भित्री झाली. चेंडू आला की डोळे मिटते!"

बाईंनी यंत्र बंद केलं.

"हवेतून येणारा चेंडू नेमका कुठे पडेल, याचा अंदाज त्या वयात नीट येत नाही. तो हळूहळू येतो. तिला इतकंच कळतं, की काहीतरी अंगावर येतंय आणि बाप ओरडतोय. बरं, मला सांगा, लिफ्टमध्ये पाटी असते ना?"

"सहा माणसं, चारशे आठ किलो," तो सवयीने बोलून गेला.

"कुणी दहा माणसं कोंबली आणि ती बंद पडली, तर शिव्या कुणाला देता?"

"कोंबणाऱ्याला!"

"लिफ्टला नाही ना? मग त्या लेकराला का दिल्यात?"

"मला शिकवू नका," असं फटकारून तो बाहेर पडला. घरी येईपर्यंत डोक्यात राग घुमत होता. हत्यारांची पिशवी कपाटावर ठेवायला त्याने झटक्यात हात वर केला. शेजारी उभ्या असलेल्या चिमीने डोळे गच्च मिटून दोन्ही हातांनी डोकं झाकलं!

आजवर त्याने तिला एक चापटसुद्धा मारली नव्हती. तरी ती अंग चोरून उभी होती. पिशवी हातातच राहिली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"चिमे, मी मारणार नव्हतो गं!"

चिमीने हात खाली घेतले, पण ती जवळ आली नाही.

समितीपुढे, बाईंच्या देखत, त्याने स्वतःची चूक कबूल केली आणि पेटीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "आता कशाला नाटकं?" सही केलेला एक बाप गुरगुरला. बाईही काही गोड बोलल्या नाहीत. "माफीचं नंतर बघू. कुंपणावरून कुणीही ओरडलं, की मी त्या क्षणी घरी," त्यांनी बजावलं. किल्ली मात्र घेतली.

पुढच्या रविवारी पाचच मुलं आली. मेकॅनिक दांड्यावर चेंडू ठेवायला पुढे झाला, तशी चिमी म्हणाली, "बाबा, तू नको. तू लांब बस."

सगळ्या पालकांसमोर! त्याचा चेहरा पडला. पण तो निमूट जाऊन मैदानाच्या कडेला बसला. चिमीने बॅट फिरवली. चुकली. तिने चटकन बापाकडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिने पुन्हा फिरवली, पुन्हा चुकली. या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही.

वाचकहो, असं मैदान तुमच्या घराजवळही असेल, आणि त्याच्या कुंपणाशी कदाचित तुम्हीही उभे असाल. पोरांना खेळ आज ना उद्या येईल. पण आपल्या आवाजाची धास्ती एकदा त्यांच्या मनात बसली, की ती एका माफीने निघत नाही. त्यासाठी कित्येक रविवार गप्प बसावं लागतं. तेव्हा ओरडण्याआधीच गप्प बसायला शिकू या!